विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगात ‘हर-टू’ची चाचणी कशी होते? तपकिरी रंगाच्या छटेवर उपचार का ठरतात?

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या हाती बायोप्सीचा जो अहवाल येतो, त्यात ‘हर-टू’ या नावापुढे ०, १+, २+ किंवा ३+ यांपैकी एक आकडा लिहिलेला असतो. रक्तातील साखरेसारखा हा आकडा यंत्राने मोजून आलेला नसतो. प्रयोगशाळेत तयार केलेले एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) गाठीच्या पेशींवर टाकले जाते, ते जिथे चिकटते तिथे तपकिरी रंग उमटतो आणि तो रंग किती गडद व किती पसरलेला आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पॅथॉलॉजिस्ट आकडा देतात. रुग्णाला एक अत्यंत प्रभावी पण महागडे औषध मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरते. गेल्या काही वर्षांत नवी औषधे आल्याने ० आणि १+ यांतील पुसट फरकालाही मोठे महत्त्व आले आहे. ही चाचणी कशी होते, ती कुठे चुकू शकते आणि रुग्णांनी कोणती काळजी घ्यावी, याविषयी.

‘हर-टू’ म्हणजे काय?

शरीरातील पेशींनी केव्हा वाढायचे, केव्हा विभागायचे आणि केव्हा थांबायचे, याचे निरोप बाहेरून येतात. हे निरोप आणणाऱ्या प्रथिनांना वाढघटक (ग्रोथ फॅक्टर) म्हणतात. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅनले कोहेन यांना उंदरांच्या लाळग्रंथींमध्ये असाच एक घटक सापडला. तो टोचल्यावर नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडू लागले. या शोधासाठी कोहेन आणि रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप आला तरी तो घेणारे कोणी तरी पेशीच्या दारात हवे. ते काम ग्राही (रिसेप्टर) प्रथिने करतात. त्यांचे एक टोक पेशीच्या बाहेर, मधला भाग पेशीच्या आवरणात आणि दुसरे टोक पेशीच्या आत असते. ‘हर-टू’ हे अशाच चार भावंडांपैकी एक. ‘ह्युमन एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर २’ हे त्याचे पूर्ण नाव. गंमत अशी, की या प्रथिनाला थेट येऊन चिकटणारा वाढघटक अद्याप सापडलेला नाही. ते आपल्या भावंडांशी जोडी करून वाढीचा निरोप पेशीत पोहोचवते.

‘हर-टू’ निरोगी पेशींतही असते. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असून प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. स्तनाच्या काही कर्करोगांत मात्र या जनुकाच्या अनेक प्रती तयार होतात. मग प्रथिनही बेसुमार बनते. एरवी पेशीवर साधारण २० हजार ग्राही असतील, तर अशा पेशींवर ते २० लाखांच्या घरात जातात. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप अखंड मिळत राहतो. स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत ही स्थिती आढळते. त्यांना ‘हर-टू पॉझिटिव्ह’ म्हणतात.

प्रतिपिंडाने प्रथिन सापडते कसे?

शरीरात बाहेरची वस्तू शिरली की रोगप्रतिकारक यंत्रणा तिच्या ठरावीक भागावर नेमकी बसतील अशी प्रतिपिंडे तयार करते. संशोधकांनी याच गुणाचा वापर शोधकामासाठी केला. माणसाच्या ‘हर-टू’चा एखादा तुकडा उंदराला किंवा सशाला टोचला, तर त्या प्राण्याच्या शरीरात त्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढली की ‘हर-टू’ शोधून काढणारे साधन हाती येते.

प्राण्याच्या रक्तातून थेट मिळवलेल्या प्रतिपिंडांत अनेक प्रकारांचे मिश्रण असते. शिवाय तो ससा मेला की नेमके तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. यावर १९७५ मध्ये केंब्रिजमधील जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी तोडगा काढला. प्रतिपिंड बनवणारी एक पेशी आणि सतत वाढणारी एक कर्करोगाची पेशी यांचा त्यांनी संकर केला. अशी संकरित पेशी एकाच साच्याचे प्रतिपिंड वर्षानुवर्षे बनवत राहते. हीच एकसाची म्हणजे मोनोक्लोनल प्रतिपिंडे. त्यांना १९८४ मध्ये नील्स येर्न यांच्यासह नोबेल मिळाले. आता तर प्रतिपिंडाची जनुकीय माहिती जतन करून ते कारखान्यात हवे तेव्हा जसेच्या तसे बनवता येते.

‘हर-टू’च्या चाचणीत आज वापरात असलेल्या प्रमुख प्रतिपिंडांत सशापासून मिळवलेले ‘४बी५’ हे एकसाची प्रतिपिंड आहे. १९९८ मध्ये आलेल्या ‘हर्सेपटेस्ट’ या संचातही सशाचे, पण मिश्र स्वरूपाचे प्रतिपिंड होते. ही दोन्ही ‘हर-टू’च्या पेशीच्या आत असलेल्या टोकाला चिकटतात. उलट ‘ट्रास्टुझुमॅब’ हे औषधही एक प्रतिपिंडच आहे, पण ते पेशीबाहेरच्या टोकाला जाऊन बसते. एकच प्रथिन, त्याच्या एका टोकावर चाचणी आणि दुसऱ्या टोकावर उपचार, अशी ही रचना आहे.

चाचणी प्रत्यक्षात कशी होते?

गाठीतून काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात. त्यामुळे पेशी कुजत नाहीत आणि त्यांची ठेवण जशीच्या तशी राहते. मग त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. या मेणाच्या ठोकळ्यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉकचे साधारण चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढून काचेवर चिकटवतात.

फॉर्मलिनमुळे प्रथिने एकमेकांत अडकतात आणि प्रतिपिंडाला चिकटायची जागा झाकली जाते. ती पुन्हा उघडी करण्यासाठी काप विशिष्ट द्रावणात तापवावा लागतो. हे तंत्र १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी काही प्रयोगशाळांत आजही चक्क प्रेशर कुकर वापरतात. मोठ्या प्रयोगशाळांत हे काम स्वयंचलित यंत्र करते.

त्यानंतर कापावर ‘हर-टू’चे प्रतिपिंड सोडतात. चिकटलेले प्रतिपिंड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्यावर दुसरे प्रतिपिंड सोडतात, ज्याला एक विकर (एन्झाइम) जोडलेले असते. रंगद्रव्य घातले की विकराच्या जागी तपकिरी रंग तयार होतो. जिथे ‘हर-टू’ जास्त, तिथे पेशीच्या कडेने तपकिरी रेघ. ‘हर-टू’ भरपूर असेल तर प्रत्येक पेशीभोवती गडद चौकट दिसते आणि कापाला कोंबड्याच्या खुराड्यावरील जाळीचे रूप येते. या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, थोडक्यात ‘आयएचसी’ म्हणतात.

०, १+, २+, ३+ यांचा अर्थ काय?

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या दोन संघटनांनी २००७ मध्ये यासाठी संयुक्त निकष ठरवले. २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांचा पुन्हा आढावा घेण्यात आला. भारतातही सर्वसाधारणपणे हेच निकष पाळले जातात.

३+ : गाठीच्या १० टक्क्यांहून अधिक पेशींभोवती पूर्ण आणि गडद रेघ. हा अहवाल पॉझिटिव्ह.

२+ : १० टक्क्यांहून अधिक पेशींभोवती पूर्ण, पण फिकट ते मध्यम रेघ. हा अहवाल अनिर्णित.

१+ : १० टक्क्यांहून अधिक पेशींवर अर्धवट आणि जेमतेम दिसणारी रेघ. हा अहवाल निगेटिव्ह.

० : रंगच नाही, किंवा १० टक्के अथवा त्याहून कमी पेशींवर पुसट, अर्धवट रेघ. हाही निगेटिव्ह.

२+ आल्यास ‘फिश’ ही दुसरी चाचणी करतात. तिचा माशाशी काही संबंध नाही. हे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव आहे. यात प्रथिनाऐवजी थेट जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांच्या रूपात मोजतात. जनुकाचे ठिपके आणि त्याच गुणसूत्राच्या मध्यावरचे ठिपके यांचे प्रमाण दोन किंवा अधिक असेल आणि पेशीमागे जनुकाच्या सरासरी चार किंवा अधिक प्रती असतील, तर अहवाल पॉझिटिव्ह ठरतो. ‘फिश’ अधिक नेमकी असली तरी आयएचसीपेक्षा महाग आहे आणि सर्वत्र उपलब्ध नाही. त्यामुळे सुरुवात प्रतिपिंडाच्या चाचणीनेच होते.

या आकड्याला एवढे महत्त्व कसे आले?

१९८७ मध्ये लॉस एंजलिस येथील डॉ. डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘हर-टू’ जनुकाच्या प्रती वाढलेल्या रुग्णांत कर्करोग लवकर उलटतो आणि त्या कमी काळ जगतात, असे त्यात दिसले. म्हणजे ‘हर-टू पॉझिटिव्ह’ असणे ही तेव्हा वाईट बातमी होती.

पुढे ‘हर-टू’ला अडवणारे उंदराचे एक प्रतिपिंड माणसाच्या शरीराला चालेल असे बदलण्यात आले. तेच ‘ट्रास्टुझुमॅब’. २५ सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याला परवानगी दिली आणि त्याच दिवशी ‘हर्सेपटेस्ट’ या चाचणी संचालाही. औषध आणि ते कोणाला द्यायचे हे ठरवणारी चाचणी, अशी जोडी बाजारात येण्याचे हे सर्वाधिक गाजलेले उदाहरण.

कर्करोग शरीरात पसरलेल्या ४६९ महिलांवरील चाचणीत केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅबची जोड दिल्यावर जगण्याचा मध्यम कालावधी २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांवर गेला. २००५ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसले, की सुरुवातीच्या टप्प्यातच हे औषध दिल्यास कर्करोग उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. वाईट बातमी असलेला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द उपचाराचा मार्ग दाखवणारा ठरला.

पण याची दुसरी बाजूही आहे. ज्यांच्या पेशींवर ‘हर-टू’ जास्त नाही, त्यांना या औषधाचा उपयोग होत नाही. वर हृदयाची ताकद कमी होण्याचा धोका असतो. म्हणूनच उपचार सुरू असताना ठरावीक काळाने इकोकार्डिओग्राम करावा लागतो. अहवाल चुकून पॉझिटिव्ह आला तर पैसा आणि हृदय दोन्ही पणाला लागतात. चुकून निगेटिव्ह आला, तर जीव वाचवू शकणारे औषध मिळतच नाही.

चाचणी कुठे चुकते?

२००७ च्या निकषांची गरज का पडली, याचे उत्तर त्याच दस्तऐवजात आहे. त्या वेळी होत असलेल्या ‘हर-टू’ चाचण्यांपैकी सुमारे २० टक्के चाचण्या चुकीच्या असू शकतात, असे तज्ज्ञांनी त्यात म्हटले होते.

चुकीची सुरुवात बहुतेकदा सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी होते. निकषांनुसार गाठ शरीराबाहेर काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये जायला हवी आणि त्यात किमान ६, कमाल ७२ तास राहायला हवी. फॉर्मलिन १० टक्के आणि आम्लता नियंत्रित केलेले हवे. मोठी गाठ न कापता अपुऱ्या फॉर्मलिनच्या डब्यात टाकली, तर द्रव आतपर्यंत पोहोचत नाही आणि मधल्या पेशी खराब होतात. शनिवारी शस्त्रक्रिया झाली, रविवारची सुट्टी आणि तिला जोडून सण आला, की ७२ तासांची मर्यादा सहज ओलांडली जाते. अशा तुकड्यावर उत्तम प्रतिपिंड वापरले तरी त्याला चिकटायला जागाच उरत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल ‘०’ येतो आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांतात याच तंत्राची केवढी किंमत मोजावी लागली, हे २००५ नंतर उघड झाले. तिथे प्रश्न ‘हर-टू’चा नव्हता. संप्रेरकांचे ग्राही प्रथिन शोधणाऱ्या प्रतिपिंड चाचणीचा होता. १९९७ ते २००५ या काळातील नमुने दुसरीकडे पुन्हा तपासले, तेव्हा साडेतीनशेहून अधिक रुग्णांचे अहवाल बदलले. त्यांना मिळायला हवी असलेली साधी, स्वस्त गोळी वर्षानुवर्षे मिळालीच नव्हती. काही जण तोवर दगावले होते. न्या. मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. त्यात एका व्यक्तीवर बोट ठेवण्याऐवजी नमुना हाताळणी, प्रशिक्षण आणि गुणवत्ता तपासणी यांच्या अभावावर बोट ठेवण्यात आले.

प्रतिपिंडच भलत्याला चिकटले तर?

संशोधनाच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. रक्तपेशींची वाढ करणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचे, म्हणजे ‘ईपीओ’चे उदाहरण घ्या. कर्करोगाच्या रुग्णांना रक्तक्षयासाठी ते दिले जात असे. काही चाचण्यांत ते घेणाऱ्यांची प्रकृती अपेक्षेपेक्षा बिघडल्याचे दिसले. कर्करोगाच्या पेशींवरच ईपीओचे ग्राही असतील का, याचा शोध सुरू झाला. बाजारातील एका लोकप्रिय प्रतिपिंडाने गाठींमध्ये ते ‘सापडले’ही. मात्र २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की ते प्रतिपिंड भलत्याच, उष्णतेच्या ताणाशी संबंधित प्रथिनालाही चिकटत होते. रंग दिसत होता, पण तो दुसऱ्याचाच. चाचण्यांतून दिसलेला ईपीओचा धोका यामुळे खोटा ठरला नाही, पण त्यामागचे कारण म्हणून पुढे आलेला पुरावा मात्र डळमळला.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडे तपासली गेली. ज्या पेशींतून ते प्रथिन बनवणारे जनुकच काढून टाकले आहे, अशा पेशींवर प्रतिपिंड टाकायचे. तरीही खूण उमटली, तर प्रतिपिंड खोटे बोलते आहे. निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे किमान एका वापरात नापास झाली. रुग्णांच्या चाचणीसाठी मान्यता मिळालेल्या ‘४बी५’सारख्या प्रतिपिंडांना बरीच कडक परीक्षा द्यावी लागते. ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी असलेल्या बाटल्यांना ती लागू नसते. हा भेद महत्त्वाचा.

प्रतिपिंड खरे असूनही प्रश्न चुकीचा असू शकतो. ‘हर-टू’चेच थोरले भावंड असलेल्या ‘ईजीएफआर’बाबत तसे घडले. आतड्याच्या कर्करोगावरील ‘सेटक्सिमॅब’ला २००४ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा गाठीवर ईजीएफआर आहे हे प्रतिपिंड चाचणीने दाखवणे आवश्यक होते. पुढे आढळले, की चाचणी निगेटिव्ह असलेल्यांनाही औषध लागू पडते. औषध चालेल की नाही हे ‘केआरएएस’ या वेगळ्याच जनुकातील बदलावर अवलंबून निघाले. रंगाची छटा आणि रुग्णाला होणारा फायदा यांचा संबंध चाचण्यांतून सिद्ध व्हावा लागतो. ‘हर-टू’ ३+ च्या बाबतीत तो भक्कमपणे सिद्ध झाला आहे.

‘हर-टू लो’मुळे काय बदलले?

२०२२ पर्यंत ०, १+ आणि फिश निगेटिव्ह असलेले २+ या सर्वांना एकच शिक्का बसायचा, निगेटिव्ह. त्यामुळे ० लिहिले काय आणि १+ लिहिले काय, उपचारात फरक पडत नव्हता.

ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या औषधाने हे चित्र पालटले. यात ट्रास्टुझुमॅबला केमोथेरपीचे द्रव्य जोडलेले असते. प्रतिपिंड पेशीला चिकटते आणि विषारी द्रव्य आत पोहोचवते. ते आसपासच्या पेशींनाही मारते. त्यामुळे ‘हर-टू’ बेसुमार नसले, थोडे असले तरी चालते. कर्करोग पसरलेल्या ५५७ रुग्णांच्या चाचणीत, १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ असलेल्यांत, जगण्याचा मध्यम कालावधी १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर गेला. या गटाला ‘हर-टू लो’ हे नाव मिळाले. स्तनाच्या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्ण यात मोडतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत संप्रेरक-पॉझिटिव्ह रुग्णांपैकी ‘अल्ट्रालो’ गटालाही, म्हणजे ० मध्ये मोजल्या जाणाऱ्या पण काही पेशींवर पुसट रेघ असलेल्यांनाही, हे औषध देण्यास परवानगी मिळाली.

अडचण इथेच आहे. ही चाचणी बनवली गेली ती २० लाख आणि २० हजार यांतील फरक ओळखण्यासाठी. आता तिला ‘थोडे’ आणि ‘अजिबात नाही’ यांतील फरक विचारला जातो आहे. धान्याच्या पोत्यांच्या काट्यावर सोने तोलण्यासारखेच हे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १८ पॅथॉलॉजिस्टना तेच काप तपासायला दिले. २+ आणि ३+ बाबत ५८ टक्के एकमत झाले, तर ० आणि १+ बाबत केवळ २६ टक्के. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांची प्रतिपिंडे नेमकी या पुसट टोकालाच वेगवेगळी उत्तरे देतात. म्हणजे एकाच रुग्णाला एका प्रयोगशाळेत औषध मिळण्याची दारे उघडी आणि दुसरीकडे बंद, असे होऊ शकते.

हे औषधही निर्धोक नाही. काही रुग्णांत फुप्फुसाला गंभीर सूज येते. त्यामुळे ‘शंका आहे, तर देऊन टाकू’ असे म्हणण्याची सोय नाही.

भारतात काय स्थिती आहे?

भारतीय महिलांत स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले.

औषधांच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. बंगळूरुच्या बायोकॉनने २०१४ मध्ये ट्रास्टुझुमॅबची जैवसमतुल्य आवृत्ती भारतात आणली आणि नंतर इतर कंपन्याही आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये बायोकॉन आणि मायलन यांच्या औषधाला अमेरिकेतही परवानगी मिळाली. ट्रास्टुझुमॅबची तिथे मान्य झालेली ती पहिली जैवसमतुल्य आवृत्ती होती. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅनसह कर्करोगावरील तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ झाले. त्यानंतर वस्तू व सेवा करही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तरीही डेरक्सटेकॅन अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

औषध स्वस्त होण्याची चर्चा होते, पण डब्यातल्या फॉर्मलिनची होत नाही. शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावी आणि आयएचसी मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत, हा महाराष्ट्रातील अनेक रुग्णांचा प्रवास असतो. गाठ किती वाजता काढली, फॉर्मलिनमध्ये किती वाजता ठेवली आणि किती तासांनी बाहेर काढली, याची नोंद सोबत गेली नाही, तर पुढची प्रयोगशाळा कितीही आधुनिक असली तरी तिला झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत बाहेरून आलेल्या रुग्णांचे काप आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात, ते यासाठीच.

रुग्णांनी काय विचारावे?

अहवाल वाचून स्वतः निष्कर्ष काढण्याची गरज नाही. पण काही प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारता येतात.

बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी : नमुना लगेच फॉर्मलिनमध्ये ठेवला जाईल ना आणि त्याची वेळ नोंदवली जाईल ना?

अहवाल आल्यावर : कोणते प्रतिपिंड वापरले याचा उल्लेख आहे का? सोबत तुलनेसाठी ठेवलेल्या कापांवर अपेक्षित रंग आला का? प्रयोगशाळा बाहेरच्या संस्थेकडून आपली गुणवत्ता तपासून घेते का?

२+ असल्यास : फिश झाली का? ती होण्याआधी २+ ला पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह समजू नये.

कर्करोग पसरलेला असून अहवाल ० असल्यास : रंग अजिबात नाही, की काही पेशींवर पुसट आहे? जुना काप दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येईल का?

कर्करोग उलटल्यास : नव्या गाठीची बायोप्सी करून ‘हर-टू’ पुन्हा तपासता येईल का? पहिल्या गाठीतील स्थिती नव्या गाठीतही तीच असेल, असे नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेणाचा ब्लॉक जपावा. अहवालाचा कागद पुन्हा छापता येतो, ब्लॉक पुन्हा तयार करता येत नाही. तो नीट ठेवला तर वर्षांनंतरही त्याचा नवा काप काढून, नव्या प्रतिपिंडाने, नव्या औषधासाठी पुन्हा तपासणी होऊ शकते. रुग्णालय बदलताना फाइलसोबत ब्लॉकही मागून घ्यावा आणि उन्हापासून, उष्णतेपासून दूर ठेवावा. शेवटी तो मेणच आहे.